तंतूंचे विश्व

उत्तम जुळलेला तानपुरा ऐकताना जाणकाराच्या कानी गांधार पडतो. त्या स्वराची तार तानपुऱ्याला नसते. खर्जाच्या तारेच्या कंपनांतूनच तो आपोआप उमटतो. म्हणूनच त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. एकच तार अनेक प्रकारे कंप पावते आणि प्रत्येक प्रकाराचा स्वर निराळा असतो. आधुनिक पदार्थविज्ञानातील तंतु-सिद्धांताचे मर्म हेच आहे.

इलेक्ट्रॉन, क्वार्क, फोटॉन या मूलकणांना पदार्थविज्ञान बिंदुरूप मानीत आले. तंतु-सिद्धांत म्हणतो, ही सारी एकाच जातीच्या तंतूची निरनिराळी कंपने होत. हा तंतू इतका सूक्ष्म असावा की, प्रोटॉन त्याच्याहून १ वर २० शून्ये इतक्या पटींनी मोठा ठरेल.

या कल्पनेचा उगम मात्र वेगळ्याच प्रश्नात आहे. अणुगर्भातील प्रबळ बलाचा विचार करताना गाब्रिएले व्हेनेत्सियानो यांनी १९६८ मध्ये एक सूत्र मांडले. ते कंप पावणाऱ्या तंतूचे सूत्र आहे, हे नाम्बू, नील्सन व ससकिंड यांनी ओळखले. पण त्या गणितात वस्तुमान नसलेला एक नकोसा कण पुनःपुन्हा डोकावे. त्याचे गुणधर्म गुरुत्वाकर्षणाच्या वाहक कणाशी जुळतात, हे शेर्क व श्वार्त्झ यांनी १९७४ मध्ये दाखविले. आइन्स्टाइनचे गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम सिद्धांत यांचा मेळ घालता घालता शास्त्रज्ञ थकले होते; येथे गुरुत्वाकर्षण न बोलावता आले, स्वयंभू गांधारासारखे!

त्याची किंमतही द्यावी लागते. या सिद्धांताला दहा मिती लागतात; आपल्या अनुभवातील चार वगळता उरलेल्या सहा अतिसूक्ष्म आकारात गुंडाळलेल्या असाव्यात. १९८४ मध्ये ग्रीन व श्वार्त्झ यांनी गणितातील एक मोठी विसंगती दूर केली. पुढे सिद्धांताची पाच रूपे आढळली. ती एकाचीच अंगे असावीत, असे एडवर्ड विटेन यांनी १९९५ मध्ये सुचविले. या विचाराला बळ देणारे महत्त्वाचे कार्य अशोक सेन यांनी १९९४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना केले होते.

तथापि प्रयोगाने अद्याप कौल दिलेला नाही. जिनिव्हाजवळचा २७ किलोमीटर परिघाचा कणत्वरकही त्या सूक्ष्मतेपर्यंत पोहोचू शकत नाही. गणिताचे सौंदर्य शास्त्रज्ञाला वाट दाखवील. निवाडा मात्र निसर्गाकडेच मागावा लागतो. तानपुऱ्यातला गांधार कानावर येतो, म्हणून आपण तो मानतो. विश्वाच्या तंतूचा स्वर अजून कोणाच्याही कानी पडलेला नाही.