खेकड्याच्या केसांतले प्रवासी

गोचीड आणि कोळी यांच्या गणगोतातला माइट हा चिमुकला प्राणी पिकांवर आढळतो, तसा पाण्यातही आढळतो. पाण्यातल्या माइटांपैकी हॅलाकॅरिड कुळात हजाराहून अधिक जाती आहेत. त्यांची लांबी बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. गंमत अशी, की जन्मभर पाण्यात राहूनही यांना पोहता येत नाही. शेवाळ, वाळूचे कण यांना धरून ते सावकाश सरपटतात. शिंपल्यांच्या पिल्लांसारखी प्रवाहाबरोबर वाहत जाणारी अवस्थाही त्यांच्यात नाही. मग ते दूरच्या पाण्यात पोचतात कसे?

त्यांना एक वाहन मिळू शकते, ते म्हणजे चिनी मिटन खेकडा. याच्या नांग्यांवर लोकरी हातमोजे चढवल्यासारखे दाट केस असतात. पूर्व आशियातला हा खेकडा १९१२ साली जर्मनीतल्या आलर नदीत सापडला. जहाजाचा तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेल्या पाण्यातून तो आला असावा, असे मानले जाते. त्याची वीण खाऱ्या पाण्यात होते, पण वाढ नदीत. त्यासाठी तो शेकडो किलोमीटर चालतो. एल्ब नदीतून तो पार प्रागपर्यंत पोचला.

बाल्टिक समुद्राचे पाणी त्याच्या विणीला पुरेसे खारे नाही. म्हणजे पोलंडच्या किनाऱ्यावर सापडणारा खेकडा लांबून आलेला पाहुणाच! तिथल्या संशोधकांनी २००७ साली नांग्यांवरच्या केसांत राहणाऱ्या जीवांची पहिली नोंद प्रसिद्ध केली. केसांत गाळ अडकतो आणि गाळात अन्न. हॅलाकॅरिड माइटांना आणखी काय हवे?

पण अंगावर सापडला म्हणून माइटला लगेच परजीवी म्हणू नये. ऑस्ट्रेलियातल्या क्रेफिशच्या कल्ल्यांजवळ राहणारी एक हॅलाकॅरिड जात खरीच परजीवी आहे. उलट, तीच जात शेजारच्या दगडांवर, शेवाळातही सुखाने नांदत असेल, तर खेकडा तिचा यजमान नसून केवळ बैलगाडी होय. या भाडेकरूंना एक धोका मात्र असतो. खेकडा कात टाकतो तेव्हा केसांसकट घरच गळून पडते. वयात आल्यावर त्याचे कात टाकणे थांबते आणि तो विणीसाठी समुद्राकडे निघतो. तेव्हा घर टिकते, पण पाणी खारट होत जाते.

जहाजांतल्या या पाण्यावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला आणि २०१७ साली अमलात आला. मात्र, आधीच येऊन स्थिरावलेला खेकडा नदीतून नदीत कोणाकोणाला पोचवतो, ते या कराराच्या कक्षेत येत नाही. ते पाहायचे, तर खेकडे मोजून भागणार नाही. त्यांचे केस धुऊन ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावे लागेल.