वालधुनी आणि नागरिकाचे कर्तव्य

कल्याण सोडून आगगाडी कर्जतच्या दिशेने निघाली म्हणजे पहिलेच स्थानक विठ्ठलवाडीचे लागते. नाव विठोबाचे, परंतु येथे चंद्रभागा नाही, आहे ती वालधुनी. अंबरनाथच्या अकराव्या शतकातील शिवालयाजवळून वाहत ही नदी कल्याणकडे येते आणि वाटेत कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी पोटात घेते.

राज्यघटनेचा या काळ्या पाण्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनेत ५१-क हा अनुच्छेद आला. नद्यांचे रक्षण हे त्यात प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे. कर्तव्य मोडणाऱ्यास तेथे दंड सांगितलेला नाही. म्हणून ही कलमे केवळ शोभेची, असे पुष्कळ सुशिक्षितही मानतात. हा समज अपुरा होय.

१९९१ साली सुभाषकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्मळ पाणी व हवा हा जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला. मौज अशी की, तो अर्ज मात्र फेटाळला गेला. कारण अर्जदाराचा हेतू सार्वजनिक नसून खाजगी असल्याचे न्यायालयास आढळले. तत्त्व टिकले, स्वार्थ टिकला नाही.

उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाविरुद्ध ‘वनशक्ती’ ही संस्था राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, तेव्हा संबंधितांस जाब द्यावा लागला. अशा कामी वकीलच हवा असेही नाही. लवादापुढे अर्जदाराने स्वतः उभे राहून बाजू मांडण्याची मुभा आहे.