नवोदयची तयारी आणि नवोदयचा पेपर

घाटंजी तालुक्यातल्या बेलोऱ्याच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला ८० जागा असतात. त्यांतल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी राखीव. उमरखेडपासून झरी-जामणीपर्यंत यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांतली पाचवीची मुलं या जागांसाठी परीक्षा देतात. नवोदयचा पहिला प्रयोग १९८५-८६ मध्ये देशात दोनच ठिकाणी झाला, हरियाणातल्या झज्जरला आणि आपल्या शेजारच्या अमरावतीला. त्यामुळे वऱ्हाडातल्या पालकांना हे नाव नवं नाही. पण एक नियम अनेकांच्या लक्षात राहत नाही: ही प्रवेश परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. यंदा अनुभव घेऊन पुढच्या वर्षी जोर लावण्याची सोय इथे नाही. खरा पेपर कसा असतो याची मुलाला आगाऊ ओळख होते ती फक्त सराव प्रश्नपत्रिकांतून. म्हणून त्या खऱ्या पेपरशी किती जुळतात, हे नीट तपासून पाहायला हवं.

खरा पेपर असा: ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. मानसिक क्षमतेचे ४०, अंकगणिताचे २० आणि भाषेचे २० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. काही वर्षांपूर्वीपर्यंत याच परीक्षेत १०० प्रश्न असत. थोरल्या भावंडाचं जुनं पुस्तक धाकट्याला देताना हा फरक सांगायला हवा, नाहीतर वेळेचा अंदाजच चुकतो.

सगळ्यात मोठी गल्लत बुद्धिमत्तेच्या भागात होते. शिष्यवृत्ती परीक्षेच्या गाईडवरच नवोदयचीही तयारी उरकायचा मोह होतो. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत सांकेतिक भाषा, दिनदर्शिका, रांगेतला क्रमांक असे शब्दांचे नि अंकांचे प्रश्न येतात. नवोदयच्या मानसिक क्षमता चाचणीत मात्र केवळ आकृत्या असतात: वेगळी आकृती, आरशातली प्रतिमा, घडी घालून छिद्र पाडलेला कागद, मोठ्या आकृतीत लपलेली छोटी आकृती. असे दहा प्रकार, प्रत्येकाचे चार प्रश्न, एकूण गुणांपैकी निम्मे. दिनदर्शिकेची शंभर उदाहरणं सोडवलेल्या मुलाला त्यातून इथे एकही गुण मिळत नाही.

आकृत्यांची दुसरी अडचण छपाईची. शाळेत एक संच येतो, त्याच्या झेरॉक्स निघतात, मग झेरॉक्सच्याही झेरॉक्स. बारीक रेघा पुसट होतात, ठिपके उडतात, आणि आरशातल्या प्रतिमेच्या प्रश्नात तर फरक त्या एका ठिपक्याचाच असतो. मूल चुकलं की कागद, हे मग ओळखता येत नाही. असा पेपर न दिलेलाच बरा.

भाषेच्या भागात चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न. उत्तर उताऱ्यातूनच शोधायचं असतं. अनेक पुस्तकं याच्या जागी समानार्थी शब्द आणि म्हणींच्या याद्या घोकून घेतात. आपल्या जिल्ह्यात कोलामी, गोंडी, गोरमाटी बोलणाऱ्या घरांतली कितीतरी मुलं हा पेपर मराठीतून देतात. त्यांना म्हणींची यादी कितपत उपयोगी पडणार? रोज एक अनोळखी उतारा एकट्याने, मनात वाचण्याची सवय त्यांच्या जास्त कामाची.

पुस्तक अवघड असेल तितकं चांगलं, हा समजही मला घातक वाटतो. अंकगणितात लसावि-मसावि, अपूर्णांक, नफा-तोटा, क्षेत्रफळ असेच घटक विचारतात. अडतं ते वेगावर, कारण प्रश्नामागे सरासरी दीड मिनिट मिळतं. आठवीच्या पातळीची गणितं घातलेल्या संचातून वेग येत नाही, दहा वर्षांचं पोर फक्त घाबरतं.

नवोदय विद्यालय समिती आपल्या माहितीपत्रकात दरवर्षी नमुना प्रश्न देते. ते संकेतस्थळावर फुकट मिळतं. कोणतंही पुस्तक विकत घेण्याआधी हे पत्रक शेजारी ठेवावं, प्रकार नि संख्या ताडून पाहावी. आणि सराव पेन्सिलीने नको. खऱ्या ओएमआर शीटवर गोल बॉलपेननेच भरायचा असतो, आणि एकदा काळा केलेला गोल खोडता येत नाही.