बारा लाख बावीस हजार

नालासोपारा पूर्वेला माझी मावसबहीण राहते. तिच्याकडे जायचं म्हटलं की फोनवर पहिला प्रश्न आपणच विचारायचा असतो : ताई, उद्या पाण्याचा दिवस आहे का? असेल तर सकाळी जाऊन उपयोग नसतो. त्या दिवशी पहाटेपासून सगळी इमारत पाण्याच्या मागे असते. खाली जमिनीतल्या टाकीचं झाकण उघडून वॉचमन वेताची काठी आत बुडवतो, वर काढतो आणि ओली खूण कुठवर आली ते सेक्रेटरींना दाखवतो. खूण अर्ध्याच्या वर गेली तर मोटर चालू होते. खाली राहिली तर टँकरवाल्याला फोन लागतो. घरातले पिंप, बादल्या, कळश्या, अगदी लोणच्याची रिकामी बरणीही भरून ठेवलेली मी पाहिली आहे.

ते पाणी येतं विक्रमगड तालुक्यातून, सूर्या नदीवरच्या धामणी धरणातून. ते आणायला सरकारने भरपूर पैसा खर्च केला आहे, आणि तरीही काठी बुडवावी लागते. वसई-विरारला सरकारी निधी मिळतच नाही, ही तक्रार मी लहानपणापासून ऐकत आलो. थोडं खोलात गेल्यावर दिसलं की निधी येतो. प्रश्न असतो तो कोणत्या मापाने आणि कुठपर्यंत येतो, याचा.

आधी पाण्याचंच पाहू. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने, सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना हाती घेतली. दररोज एकूण 403 दशलक्ष लिटर पाणी, त्यातलं 185 वसई-विरारला आणि 218 मीरा-भाईंदरला. कवडासच्या बंधाऱ्यावरून पाणी उचलायचं, सूर्यानगरला शुद्ध करायचं, मेंढवणखिंडीत बोगदा काढून महामार्गाच्या कडेने मोठ्या वाहिनीतून काशिदकोपरच्या जलाशयापर्यंत आणायचं. त्याआधी शहराची भिस्त सूर्याच्या जुन्या टप्प्यांचं 200, उसगावचं 20 आणि पेल्हारचं 10 अशा 230 दशलक्ष लिटरवर होती. 2023 च्या अखेरीस नवं पाणी काशिदकोपरला पोचलं. शहराचा पुरवठा जवळजवळ दुप्पट व्हायला हवा होता.

झाला नाही, कारण काशिदकोपरपासून पुढचं काम वेगळ्या खिशातलं. मोठी वाहिनी, बोगदा, शुद्धीकरण केंद्र ही कामं प्राधिकरणाची. तिथून पुढे उंच जलकुंभ, गल्लीबोळांतल्या वितरण वाहिन्या आणि व्हॉल्व्ह ही कामं महापालिकेची. आलेलं सगळं पाणी उचलायला शहरात जलकुंभही पुरेसे नव्हते आणि वाहिन्याही. धरणापासून शहराच्या वेशीपर्यंतच्या कामाचा नारळ फोडायला मंत्री येतात. वेशीपासून माझ्या बहिणीच्या टाकीपर्यंतच्या कामासाठी महापालिकेला स्वहिस्सा उभा करावा लागतो. सरकारी कागदातला हा 'स्वहिस्सा' शब्द नीट समजून घेतला पाहिजे, कारण आपल्या शहराची निम्मी गोष्ट त्यात आहे.

केंद्राची अमृत योजना 25 जून 2015 ला सुरू झाली. दहा लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्या शहराला प्रकल्पखर्चाच्या निम्मा पैसा केंद्राकडून, दहा लाखांच्या वर असेल तर एक तृतीयांश. 1 ऑक्टोबर 2021 ला अमृत 2.0 आली तेव्हा हे प्रमाण आणखी खाली आलं. एक लाखाच्या आतल्या गावाला निम्मा, एक ते दहा लाखांच्या शहराला एक तृतीयांश आणि दहा लाखांवरच्या शहराला फक्त एक चतुर्थांश. उरलेला राज्याने आणि महापालिकेने भरायचा. मोठ्या शहराची स्वतःची कमाई मोठी असते, हा त्यामागचा विचार. मुंबई-पुण्याला तो लागू पडतो.

आता आपलं शहर कसं झालं ते आठवा. 3 जुलै 2009 ला वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि 53 ग्रामपंचायती एकत्र करून महापालिका झाली. गावं आत घ्यायची की बाहेर ठेवायची यावर आंदोलनं झाली, प्रकरण उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं राहिलं. 2011 च्या जनगणनेत या एकत्रित शहराची लोकसंख्या सुमारे 12 लाख 22 हजार भरली. चारही नगरपरिषदा वेगळ्या असत्या तर कुणीच दहा लाखांची रेषा ओलांडली नसती. कागदावर आपण एका दिवसात महानगर झालो, पण आतून अजून चार छोटी गावं आणि त्यांच्या भोवतालच्या वाड्याच होतो. रस्ते गावाच्या रुंदीचे, गटारं गावाच्या खोलीची, आणि केंद्राचा हिस्सा मात्र महानगराच्या दराने.

याच आकड्याची दुसरी बाजू आपल्या फायद्याची असायला हवी होती. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरच्या नागरी समूहांसाठी वेगळा निधी ठेवला. त्यातला एक तृतीयांश हवेच्या गुणवत्तेसाठी आणि दोन तृतीयांश पाणी, स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी. ठाणे, कल्याण, मीरा-भाईंदर ही बृहन्मुंबईच्या समूहात मोजली जातात. वसई-विरार मात्र जनगणनेत स्वतंत्र समूह आहे, म्हणून या यादीत त्याला स्वतःचं नाव मिळालं. हा मोठा मान आहे. पण वाटपाचं माप 2011 चीच लोकसंख्या. 2021 ची जनगणना झालीच नाही. 2011 नंतर नालासोपारा पूर्वेला, विरारला, नायगावला किती इमारती उभ्या राहिल्या ते लोकलच्या खिडकीतून पाहणाऱ्याला सांगायला नको. आज शहरात वीस लाखांहून अधिक माणसं राहतात, असं महापालिकेचं नियोजनही गृहीत धरतं. म्हणजे हिस्सा ठरताना आपण दहा लाखांवरचं श्रीमंत शहर, आणि वाटप होताना 12 लाख 22 हजारच. 2011 नंतर इथे आलेला किंवा जन्मलेला माणूस सरकारी हिशेबात पाणीच पीत नाही.

स्वतःची कमाई म्हणावी तर तिथेही गोम आहे. जकातीनंतर स्थानिक संस्था कर आला, तो 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी उठला आणि 1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कर आला. राज्याने कायदा करून महापालिकांना भरपाई देणं सुरू केलं. 2016-17 चं उत्पन्न पाया धरायचं आणि दरवर्षी आठ टक्के वाढवायचं. त्या वर्षी शंभर रुपये धरले असतील तर 2024-25 ला साधारण 185 होतात. पैसा वेळेवर येतो, खात्रीचा असतो, हे मान्य. पण गोखिवरे, वालीव, सातिवलीच्या औद्योगिक वसाहतींतले गाळे दुप्पट चालले काय किंवा बंद पडले काय, शहराला मिळणारी रक्कम तीच. आपल्या गावात उद्योग वाढावा, त्याला रस्ता आणि वीज चांगली मिळावी, यात महापालिकेच्या तिजोरीला काही लाभच उरला नाही. मला ही या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत घातक गोष्ट वाटते.

रेल्वेचं उदाहरण मात्र आशेचं आहे. 12 एप्रिल 1867 ला विरारहून बॉम्बे बॅकबेपर्यंत दिवसाला एक गाडी सुरू झाली, तेव्हापासून या भागाचं पोट रेल्वेवर आहे. 1999 मध्ये रेल्वे आणि राज्य सरकार यांनी मिळून मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापलं. मुंबई शहरी वाहतूक प्रकल्पाच्या, म्हणजे एमयूटीपीच्या, पहिल्या टप्प्यात, जागतिक बँकेच्या कर्जाची जोड घेऊन, बोरिवली-विरार मार्ग चौपदरी झाला. 2007 मध्ये ते काम संपलं आणि आमच्या आयुष्यात फरक पडला. पुढे डिसेंबर 2016 मध्ये मंजूर झालेल्या तिसऱ्या टप्प्यात विरार-डहाणू 64 किलोमीटरचं चौपदरीकरण आहे, आणि 2019 च्या 'तीन अ' टप्प्यात बोरिवली-विरार पाचवी-सहावी मार्गिका. या निधीत प्रवाशाचाही वाटा आहे. उपनगरी पासावर एमयूटीपीचा अधिभार असतो. पहाटेच्या गाडीने भाजीची टोपली आणि फुलांच्या पाट्या घेऊन दादरला जाणारी बाई दर महिन्याला त्या रुळांसाठी पैसे भरते. तिला 'सरकारने दिलं' असं सांगू नये.

गाडी चांगली झाली तसे बिल्डर आले, हेही त्याच गोष्टीचं दुसरं टोक. 1990 मध्ये सिडकोला या उपप्रदेशाचं नियोजन सोपवलं गेलं, पण विकास आराखड्याला मंजुरी मिळाली 2007 मध्ये. मधली सतरा वर्षं बांधकामं थांबली नव्हती. त्यांविरुद्ध लढताना फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने त्या काळात काय सोसलं, हे ज्यांनी पाहिलं त्यांना ठाऊक आहे. आमच्या पश्चिम पट्ट्यात वाडीवाडीत बावखलं होती. बावखल म्हणजे चौकोनी तळं. पावसाचं पाणी त्यात उतरायचं, उन्हाळ्यात तेच केळीला आणि पानवेलींना मिळायचं, आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहायच्या. एकेक बावखल भरणी टाकून बुजलं. जुलै 2018 मध्ये वसई बुडाली, रेल्वे बंद पडली, मिठागरात माणसं अडकली. मग आयआयटी आणि नीरीच्या तज्ज्ञांची सत्यशोधन समिती नेमली गेली. तिने सुचवलेल्या उपायांत एक होता पाणी साठवून ठेवणारे धारण तलाव. आज त्यांच्यासाठी जागा आणि निधी शोधावा लागतो. बावखलांना कुणाच्या निधीची गरज नव्हती.

जागा हाच पुढचा अडसर. नालासोपारा पूर्वेला अगरवाल नगरीलगत सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जमिनीवर 41 अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2025 च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. ती माणसं फसवली गेली होती, कर्ज काढून घरं घेतली होती. आणि शहराचं बहुतेक सांडपाणी आजही प्रक्रियेविना खाडीला मिळतं. दिल्लीहून उद्या पूर्ण खर्चाचा धनादेश आला तरी प्रक्रिया केंद्र हवेत बांधता येत नाही. आरक्षित जमीन राखणं हे निधी मिळवण्याइतकंच मोठं काम आहे, आणि त्याला केंद्राची कुठली योजना लागत नाही.

आपल्या पालघर जिल्ह्यात मोठे आकडे फिरत आहेत. 76,220 कोटींचं वाढवण बंदर, ज्याची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 ला झाली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं विरार स्थानक. नवघरपासून निघणारी विरार-अलिबाग मार्गिका. यातून वसईकराला काय मिळेल ते काळ सांगेल. वाढवणच्या मच्छीमारांनी काय गमावलं ते आजच विचारलं पाहिजे.

मला स्वतःला पटलेलं काम खूप लहान आहे. 20 फेब्रुवारी 2024 ला वसई किल्ल्याच्या जेट्टीवरून भाईंदरला रो-रो बोट सुरू झाली. जेट्टीसाठी सागरमालेचा निधी, देखरेख महाराष्ट्र सागरी मंडळाची. रस्त्याने तीस-पस्तीस किलोमीटरचा वळसा, पाण्यातून साडेतीन किलोमीटर. मी गेलो त्या फेरीत दोन रिक्षा, पंधरा-वीस दुचाक्या आणि एका टेम्पोत केळीचे घड होते. टेम्पोवाला म्हणाला, "दादा, महामार्गाच्या कोंडीत घड काळा पडायचा. इथे हिरवा पोचतो." पुढे एप्रिल 2025 मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून वैतरणेपलीकडे सफाळ्याच्या खारवाडेश्रीलाही बोट जाऊ लागली. पलीकडच्या गावांतल्या मुलांना विरारचं कॉलेज जवळ आलं.

सूर्याच्या पाण्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय थांबता येत नाही. ते धरण मुळात आदिवासी भागातल्या शेतीसाठी होतं. शहरांकडे पाणी वळवायला तिथल्या शेतकऱ्यांनी अनेक वर्षं विरोध केला. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांत उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात, हे आमच्याच जिल्ह्यातलं चित्र आहे. या आदिवासी भागाच्या हिश्श्याचं पाणी पिणाऱ्या शहराने निदान गळतीत ते वाया घालवू नये, आणि जिल्हा नियोजनात तिथल्या पाणीयोजना आधी याव्यात म्हणून आवाज उठवावा.

डॉ. अरविंद पानगढियांच्या अध्यक्षतेखालच्या सोळाव्या वित्त आयोगाने 2026 ते 2031 या पाच वर्षांचं वाटप ठरवलं. तेव्हाही हाताशी जनगणना 2011 चीच होती. नवी जनगणना आता जाहीर झाली आहे. तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027. त्याआधी घरयादीचं काम होईल आणि मग प्रगणक तुमच्या दाराशी येईल. बहुधा तो एखाद्या शाळेचा शिक्षक असेल, चार मजले चढून दमलेला. त्याला आत बोलवा, पाणी द्या. घरातल्या प्रत्येकाचं नाव सांगा, तान्ह्या बाळाचं, गावाहून शिकायला आलेल्या भाच्याचं, मागच्या खोलीतल्या भाडेकरूचंही. अनधिकृत इमारतीत राहत असलात तरी दार बंद करू नका. मोजणी घराच्या कागदांची नसते, माणसांची असते. पुढची कित्येक वर्षं वसई-विरारच्या वाट्याचं पाणी त्या कागदावरच्या संख्येने मोजलं जाणार आहे.