सोबत किती, आणि कुठवर?

करोल बागेत घराबाहेर पाऊल न टाकताही संसार व्यवस्थित चालतो. सकाळी भाजीची हातगाडी गल्लीत येते, तिसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडली की भेंडी-बटाटे वर येतात. दूध, किराणा, औषधं फोनवर मागवता येतात. मुलांना शाळेची व्हॅन दारातून उचलते. सणाच्या साड्या नवरा दुकानातून घरी दाखवायला आणतो आणि नको असलेल्या संध्याकाळी परत नेऊन देतो. अशा घरातली बाई वर्षभर जिना उतरली नाही तरी कुणाला खटकत नाही. उलट ‘वहिनी फार बाहेर पडत नाहीत’ हे कौतुकानं सांगितलं जातं. ज्या आजारात उंबरठा ओलांडायच्या विचारानंच छातीत धडधड सुरू होते, हातापायांना मुंग्या येतात आणि ‘आता आपलं काही खरं नाही’ असं वाटू लागतं, तो आजार अशा घरात वर्षानुवर्षं घरंदाजपणाच्या नावाखाली सुखरूप लपतो. या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. घरचे लोक प्रेमापोटी जे करतात, म्हणजे एकटं न सोडणं, सगळं हातात आणून देणं, प्रत्येक वेळी बरोबर जाणं, त्यावरच हा आजार पोसला जातो. आणि त्यातून बाहेर पडायला सर्वांत जास्त मदतही याच सोबतीची होते. मात्र ती मोजून द्यावी लागते आणि ठरवून काढून घ्यावी लागते.

उदाहरणासाठी करोल बागच घेण्याचं कारण आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी तालुक्यांतून आणि साताऱ्याच्या माण-खटावातून सोन्याचांदीच्या गलाईसाठी बाहेर पडलेली माणसं देशभर पसरली. दागिन्यांची मोड वितळवून शुद्ध सोनं काढून देणारी ही मंडळी दिल्लीच्या सराफी भागांतही स्थिरावली, करोल बागेत तर त्यांची वस्तीच झाली. पुरुषाचा दिवस भट्टी, तेजाब आणि गिऱ्हाइकांत जातो आणि हिंदी त्याच्या जिभेवर बसते. विट्याजवळच्या एखाद्या गावातून लग्न होऊन आलेल्या मुलीला मात्र भाषा नवी असते, रस्ते नवे असतात, आणि माहेर दीड हजार किलोमीटरवर. तिच्या बाबतीत ‘अजून रुळली नाही’ हे पहिली दोन वर्षं खरंही असतं. पुढची दहा वर्षं तेच वाक्य चालू राहतं तेव्हा कुणीतरी विचारायला हवं, की न रुळणं कुठे संपलं आणि आजार कुठे सुरू झाला?

वैद्यकाची बाजू थोडक्यात सांगतो. या आजाराला अ‍ॅगोराफोबिया म्हणतात. बस-रेल्वे, मोकळी जागा, बंदिस्त जागा, रांग किंवा गर्दी, आणि घराबाहेर एकटं असणं, या पाचांपैकी किमान दोन प्रसंगांची तीव्र भीती साधारण सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकून असेल, तर निदान होतं. पुष्कळदा सुरुवात घबराटीच्या एका झटक्यानं होते. अ‍ॅड्रेनलिन उसळतं, श्वास जोरजोरात होऊन रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यातून घेरी आणि मुंग्या येतात. झटका काही मिनिटांत शिखर गाठतो आणि ओसरतो. थायरॉइड, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यांतली अनियमितता, कानातला तोलाचा बिघाड हे आधी तपासून घ्यावंच. ईसीजी चांगला आला की डॉक्टर ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ म्हणतात, आणि खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

मला या विषयात सर्वांत जास्त खेचून घेतलं ते कार्ल वेस्टफाल या बर्लिनच्या मनोविकारतज्ज्ञाच्या निरीक्षणांनी. 1871च्या सुमारास त्यांनी तीन रुग्णांची हकिगत मांडली. तिघेही पुरुष, कामाधंद्याचे, बुद्धीनं शाबूत, पण शहरातला मोकळा चौक ओलांडणं त्यांना अशक्य होतं. हा आजार बायकांचा, असं समजणाऱ्यांनी हे तीन पुरुष लक्षात ठेवावेत. आपल्याकडेही ‘दुकान सोडून कुठे जात नाही, फार मेहनती आहे’ असं ज्याचं कौतुक होतं, त्याच्या मेहनतीमागे कधी कधी हीच भीती असते. रस्ते ओस पडले आणि दुकानं बंद झाली की वेस्टफालच्या रुग्णांची भीती वाढे, आणि बरोबर माणूस असला की ती एकदम उतरे. माणूसच हवा असंही नव्हतं. पुढे चाललेली एखादी गाडी, हातातली काठीसुद्धा पुरे. काठी पडणाऱ्याला सावरेल हे खरं, पण ज्याला हृदय बंद पडण्याची भीती वाटते त्याला ती काय वाचवणार? तरीही ती काम करत होती. म्हणजे सोबतीचा उपयोग संकट टाळण्यासाठी होतच नव्हता. ‘ही होती म्हणून वाचलो’ असा निष्कर्ष काढायला ती निमित्त देत होती. सुमारे एकशे वीस वर्षांनंतर, 1991 मध्ये, पॉल साल्कोव्हस्किस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं नेमकी हीच गोष्ट सिद्धान्त म्हणून मांडली. बाटलीतलं पाणी, पर्समधली गोळ्यांची पट्टी, मनगटावर नाडी मोजणारं बोट, भिंतीचा आधार, नवऱ्याचा दंड, या सगळ्यांमुळे झटका थांबतो असं रुग्णाला वाटतं. वास्तविक झटका आपोआपच ओसरणार होता. पण श्रेय बाटलीला जातं आणि ‘मला काहीच झालं नसतं’ हे कळण्याची संधी हुकते. हजार वेळा बाहेर जाऊनही भीती तसूभर कमी होत नाही याचं उत्तर इथे आहे.

मग सोबत एकदम तोडावी का? नाही, आणि याला पुरावा आहे. ब्रिटनमध्ये अँड्र्यू मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात घरीच करण्याची उपचारपद्धती आखली. उपचारकानं थोड्याच वेळा घरी यायचं, रुग्णाला आणि जोडीदाराला लेखी सूचना द्यायच्या, आणि रोजचा बाहेर पडण्याचा सराव त्या दोघांनी मिळून करायचा. सुधारणा दिसली. अमेरिकेत डेव्हिड बार्लो यांच्या गटानं 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पतीला उपचारात सामील करून घेतलेल्या स्त्रियांची प्रगती इतरांपेक्षा सरस ठरली. या दोन्ही ठिकाणी जोडीदाराची भूमिका पहारेकऱ्याची राहिली नाही, तो सरावाचा भागीदार झाला. ‘चल, मी आहे ना’ म्हणण्याऐवजी ‘आज मी कुठे थांबू?’ हे विचारायला तो शिकला. आपल्या कुटुंबांत सोबतीला माणसांचा तुटवडा नाही, नवरा, सासू, जाऊ, शेजारीण, शाळकरी मुलगा, कुणी ना कुणी असतंच. तुटवडा आहे तो मागे सरायला शिकलेल्या माणसांचा.

करोल बागेचा नकाशा या सरावासाठी इतका सोयीचा आहे की तो आजारासाठीच आखला असावा असं मला वाटतं. पहिली पायरी खऱ्या अर्थानं जिन्याची शेवटची पायरी. तिथे फोन वर ठेवून उभं राहायचं, भीती चढू द्यायची आणि ती उतरेपर्यंत हलायचं नाही. भीती शिखरावर असताना परत फिरलं तर मेंदू ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढंच शिकतो. मग गल्लीचं टोक, मग अजमल खाँ रोड. या रस्त्याचा एक भाग 2019 मध्ये वाहनांना बंद करून पायी चालणाऱ्यांसाठी ठेवण्यात आला. सोमवारी इथला बाजार बंद असतो. गर्दीनं गुदमरणाऱ्या माणसानं सोमवारपासून सुरुवात करावी. वेस्टफालच्या रुग्णांसारखी ज्याला बंद दुकानांचीच भीती वाटते, त्यानं मंगळवारी अकराला निघावं आणि सोमवार शेवटी ठेवावा. कोणती पायरी कुणासाठी उंच हे रुग्णानंच सांगायचं असतं, बाहेरच्या माणसाचा अंदाज इथे हमखास चुकतो. एकच पायरी आठवड्यातून चार-पाच दिवस, कंटाळा येईपर्यंत करायची. कंटाळा येणं हे इथे उत्तम लक्षण. मग बँक स्ट्रीटवरच्या दुकानात रांगेत उभं राहणं, आणि त्यानंतर मेट्रो.

मेट्रोबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण करोल बाग स्थानक 2005च्या अखेरीस सुरू झालं तेव्हा कुणाच्या मनात नसलेली एक गोष्ट त्यातून साधली आहे. करोल बाग ते झंडेवालान एकच स्थानक, दोनेक मिनिटांचा प्रवास. पण दरवाजे मिटल्यापासून उघडेपर्यंत बाहेर पडण्याची सोय नाही, आणि या आजाराचं मर्म तेच आहे. पुढचं रामकृष्ण आश्रम मार्गही उंचावरच, खिडकीतून उजेड, गच्च्या, आकाश दिसत राहतं. त्यानंतर गाडी जमिनीखाली शिरते आणि राजीव चौकाच्या तोबा गर्दीत थांबते. म्हणजे उघड्यावरचं एक स्थानक, दोन स्थानकं, बोगदा आणि गर्दी, अशा चढत्या पायऱ्या तयारच आहेत. शिवाय 2010पासून पहिला डबा स्त्रियांसाठी राखीव आहे, आणि सोबत मागे घेण्याची याहून चांगली युक्ती मला माहीत नाही. सुरुवातीला दोघं एका डब्यात. मग ती पहिल्या डब्यात आणि तो शेजारच्या. मग तो आधीच्या गाडीनं पुढे जाऊन झंडेवालानच्या फलाटावर उभा. मग तो दुकानातच, फोनवर. मग फोन पिशवीत, न लावता. आणि रामकृष्ण आश्रम मार्गाला उतरलं की पहाडगंज जवळ येतं, जिथे बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळा आहे. सरावाच्या शेवटी कानावर मराठी पडणार असेल तर तेवढ्यासाठी दोन मिनिटांची धडधड सोसायला माणूस तयार होतो.

यावर पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: दिल्ली बाईमाणसाला सुरक्षित नाही, मग भीती हा आजार कसा? याच करोल बागेत 13 सप्टेंबर 2008 रोजी गफ्फार मार्केटमध्ये बॉम्बस्फोट झाला. 12 फेब्रुवारी 2019 रोजी इथल्या हॉटेल अर्पित पॅलेसला आग लागून 17 जण गेले. अशा घटनेतून जो स्वतः गेला आहे त्याच्या आघातावर आधी वेगळे उपचार हवेत, त्याला या पायऱ्यांवर ढकलू नये. बाकीच्यांसाठी कसोटी सोपी आहे. शहाणी भीती धोक्याप्रमाणे कमीजास्त होते, रात्री अकराला जास्त आणि सकाळी अकराला कमी. आजाराची भीती सकाळी अकरा वाजता, बायकांनी भरलेल्या डब्यात, पोलिसासमोरही तेवढीच राहते. तिला चोराची धास्ती नसते, ‘मला इथे काही झालं तर?’ एवढीच असते. सोनं घेऊन एकट्यानं न फिरणारा गलाईवाला सावध आहे. पण खिसा रिकामा असतानाही ज्याला रस्ता ओलांडता येत नाही तो आजारी आहे.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो: विश्रांती द्या, महिनाभर गावी पाठवा, हवापालट होईल. गावी बरं वाटतं यात शंका नाही. तिथे अंगण आहे, आई आहे, आणि मेट्रो नाही. पण ज्या प्रसंगांची भीती आहे ते प्रसंगच तिथे नसतात, म्हणून जे बरं वाटतं ती सुधारणा नव्हे. परत आल्यावर करोल बाग पूर्वीपेक्षा अवघड वाटते, आणि पुढचा मुक्काम दोन महिन्यांचा होतो. गावी जायचं तर सराव पक्का झाल्यावर जावं. तिसरं म्हणणं गोळ्यांचं. सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्रामसारखी औषधं खरोखर उपयोगी आहेत, मात्र परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायची. अल्प्राझोलामची गोष्ट निराळी. ती अर्ध्या तासात शांत करते, म्हणून ती पर्समधली नवी काठी होते, आणि सवय लागते ती वेगळीच. आधीपासून रोज घेणाऱ्यानं ती स्वतःच्या मनानं एकदम थांबवू नये, ते धोक्याचं आहे. जबरदस्तीचा आरोप मात्र मी मान्य करतो, जर घरच्यांनी ओढून राजीव चौकात नेऊन सोडलं असेल तर. पायरी रुग्णानं निवडलेली असेल तरच तो उपचार.

सर्वांत अवघड आक्षेप असा: जिना उतरता येत नाही तो दवाखान्यात कसा जाणार? याचं उत्तर ऑस्ट्रेलियाच्या डॉ. क्लेअर वीक्स यांनी फार पूर्वी दिलं. भीतीशी झुंजू नका, तिला येऊ द्या, अंग सैल सोडून तिच्यातून जा आणि वेळ जाऊ द्या, असं त्यांचं सांगणं होतं. दूरच्या रुग्णांपर्यंत त्या पुस्तकं आणि ध्वनिमुद्रणांतून पोचल्या. 1973 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी अशा दुरून मार्गदर्शन केलेल्या 528 जणांचा वृत्तान्त दिला आणि बऱ्याच जणांत सुधारणा नोंदवली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्या आकड्यांवर फार भार टाकू नये. पण घराबाहेर न पडणाऱ्यापर्यंत आवाज पोचतो आणि त्याचा उपयोग होतो, एवढं त्यातून दिसलं. आपल्याकडे 25 मार्च 2020च्या मार्गदर्शक तत्त्वांनी डॉक्टरांच्या दूरसल्ल्याला रीतसर चौकट मिळाली. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेली टेलि-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे आणि 20 भाषांत चालते. प्रत्यक्ष भेटीसाठी राम मनोहर लोहिया रुग्णालय आणि शेजारच्या राजिंदर नगरातलं सर गंगाराम रुग्णालय काही दूर नाही, पण ती भेट सरावातली पाचवी-सहावी पायरी ठेवली तरी चालेल. पहिला फोन मात्र रुग्णानं स्वतः करावा. नवऱ्यानं शेजारी बसून उत्तरं देऊ लागणं ही पुन्हा सोबतच झाली. ‘मला घराबाहेर पडायची भीती वाटते, किती दिवसांपासून आणि कुठपर्यंत जाता येतं’, एवढं सांगितलं तरी पलीकडच्या माणसाला पहिल्या बोलण्यासाठी पुरतं. धनत्रयोदशीला अख्खं घर दुकानावर असतं आणि ती वर एकटी असते. फोन करायला तोच दिवस धरला तरी हरकत नाही, टेलि-मानस सणालाही चालू असतं.