नऊ देशांचं एकच पाणी

जर्मनीच्या उसेडोम बेटावर वाळूत पिवळसर, मेणचट खडा सापडला तर तो खिशात टाकू नका, असा इशारा पर्यटकांना आवर्जून दिला जातो. बाल्टिक समुद्राच्या लाटा या किनाऱ्यांवर अंबर आणून टाकतात. चार कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची ही गोठलेली राळ शोधत लोक तासन्‌तास वाकून फिरतात. पण दुसऱ्या महायुद्धातल्या आगलावू बॉम्बमधला पांढरा फॉस्फरसही याच लाटांबरोबर येतो आणि दिसायला तो थेट अंबरसारखा असतो. ओला असेपर्यंत तो शांत असतो. खिशात वाळला, अंगाची ऊब लागली की पेट घेतो. त्यामुळे अंबर वेचणाऱ्यांना एकच सल्ला असतो: वेचलेलं सगळं पत्र्याच्या डब्यात ठेवा.

पोटात अजून महायुद्ध घेऊन जगणाऱ्या या समुद्राभोवती नऊ देश राहतात: डेन्मार्क, जर्मनी, पोलंड, लिथुआनिया, लाटविया, एस्टोनिया, रशिया, फिनलंड आणि स्वीडन. यांतले बरेच जण शतकानुशतकं एकमेकांशी लढले आणि आजही रशियाचं इतरांशी धड बोलणं नाही. तरी पाण्याच्या बाबतीत या शेजाऱ्यांनी जे करून दाखवलंय, ते जगात फार थोड्या ठिकाणी झालंय.

समुद्र केवढा, खोल किती?

क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा थोडा मोठा, पण अगदी उथळ. सरासरी खोली जेमतेम ५५ मीटर. सरासरी खोलीच्या जागी कुतुबमिनार उभा केला तर वरचे मजले पाण्याबाहेर राहतील. (सगळ्यात खोल जागा मात्र ४५९ मीटरची आहे, स्वीडनच्या किनाऱ्याजवळ.) महासागराशी या समुद्राचा संबंध डेन्मार्कजवळच्या चिंचोळ्या सामुद्रधुन्यांपुरताच, आणि तिथल्या एका उंबरठ्यावर पाणी फक्त १८ मीटर खोल आहे. त्यामुळे आतलं पाणी पुरतं बदलायला सुमारे तीस वर्षं लागतात. आज जन्मलेलं मूल तिशीत येईल तेव्हा आज टाकलेल्या घाणीतला काही भाग तिथेच असेल.

पाणी इतकं कमी खारं की उत्तरेच्या टोकाला ते जवळजवळ गोडं आहे. काही भागांत कॉड हा समुद्री मासा आणि पाइक हा गोड्या पाण्यातला मासा एकाच जाळ्यात येऊ शकतात. कमी खारेपणाचा आणखी एक फायदा म्हणजे लाकडी जहाजं पोखरणारी समुद्री कीड इथे तग धरत नाही. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेलं स्वीडनचं 'वासा' हे लढाऊ जहाज ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये, जवळपास अख्खं वर काढता आलं, ते याच कारणाने.

दोन जर्मनी, एक कागद

२२ मार्च १९७४. शीतयुद्ध ऐन भरात. युरोपच्या मधोमध काटेरी तारा, बर्लिनमध्ये भिंत. त्याच दिवशी हेलसिंकीत सात देशांनी बाल्टिकच्या रक्षणाचा करार केला आणि सह्या करणाऱ्यांत पूर्व जर्मनी, पश्चिम जर्मनी आणि सोव्हिएत संघ हे तिघेही होते! जमिनीवरून येणारी घाण, जहाजांची घाण आणि हवेतून पडणारी घाण, या सगळ्यांचा एकत्र विचार करणारा कुठल्याही समुद्राचा हा पहिला करार मानला जातो.

त्यात एक मोठी फट होती. देशांच्या अंतर्गत पाण्याला करार लागू नव्हता, म्हणजे बंदरं, खाड्या, किनाऱ्याला चिकटलेला पट्टा यांबद्दल कुणी कुणाला विचारायचं नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९२ मध्ये नवा करार झाला, तेव्हा ही फट बुजली. त्याच वर्षी समुद्र सगळ्यात जास्त घाण करणाऱ्या ठिकाणांची यादी निघाली: १३२ नावं. कारखाने, शहरांची गटारं, खतांचे ढीग. ठिकाण सुधारलं की नाव यादीतून वगळायचं. चारचौघांत नाव लागण्याची लाज सरकारांनाही वाटते, हे त्या यादीने दाखवलं. आज बरीचशी नावं पुसली गेली आहेत.

करार सांभाळणाऱ्या आयोगाचं नाव हेलकॉम. त्याचे निर्णय एकमताने होतात, शिक्षा करण्याचा अधिकार त्याला नाही. तरीही देशांनी ऐकलं. मला या सगळ्यात सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

दुसऱ्याच्या शहराचं गटार आपल्या पैशाने

शेजारी देश एकत्र बसले की प्राधान्यक्रमाच्या लांब याद्या निघतात. बाल्टिकवाल्यांच्या यादीत माझ्या मते पहिला क्रमांक निर्विवाद सांडपाण्याचा. शहरांतलं मैलापाणी आणि शेतांतली खतं यांतून फॉस्फरस आणि नायट्रोजन समुद्रात जातात. उन्हाळ्यात निळं-हिरवं शेवाळ इतकं फोफावतं की त्याच्या भोवऱ्यांच्या नक्ष्या उपग्रहांतून दिसतात. शेवाळ मरतं, तळाशी जातं, कुजताना तिथला प्राणवायू खाऊन टाकतं. माणसाने निर्माण केलेल्या जगातल्या सगळ्यात मोठ्या मृत पट्ट्यांत बाल्टिकचा तळ मोजला जातो.

आता हिशेब बघा. समुद्राला मिळणाऱ्या नद्यांचं खोरं समुद्राच्या चौपट मोठं आहे. त्यात चौदा देश आणि साडेआठ कोटी माणसं राहतात. चेकिया, स्लोव्हाकिया, बेलारूस, युक्रेन यांना बाल्टिकचा किनारा नाही, पण तिथल्या काही नद्यांचं पाणी शेवटी इथेच येतं.

सेंट पीटर्सबर्ग हे या किनाऱ्यावरचं सगळ्यात मोठं शहर. वस्ती पन्नास लाखांच्या घरात. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तिथलं सांडपाणी प्रक्रियेविना नेवा नदीत आणि खाडीत जात होतं. शहराच्या नैर्ऋत्येला एक मोठं शुद्धीकरण केंद्र सोव्हिएत काळात बांधायला घेतलं होतं. पैसा आटला आणि ते अर्धवट पडून राहिलं. फिनलंड आणि स्वीडनने हिशेब मांडला. आपल्याकडचं आधीच चांगलं असलेलं शुद्धीकरण आणखी थोडं सुधारण्यापेक्षा तोच पैसा रशियात घातला तर समुद्रातून कितीतरी जास्त फॉस्फरस कमी होतो. मग नॉर्डिक देशांचा आणि युरोपीय बँकांचा पैसा लागला, आणि २००५ मध्ये केंद्र सुरू झालं. सात लाख लोकांचं मैलापाणी थांबलं. त्यानंतर फिनलंडमधल्या जॉन नुरमिनेन प्रतिष्ठानाने पीटर्सबर्गच्या केंद्रांत रसायनांनी फॉस्फरस बाजूला काढण्याची सोय करायला मदत केली. २०१३ च्या सुमारास शहराचं जवळपास सगळं सांडपाणी शुद्ध होऊन बाहेर पडू लागलं.

हेलसिंकीच्या नागरिकाने परक्या देशातल्या गटाराला पैसे द्यावेत आणि त्यातून त्याच्याच किनाऱ्यावरचं पाणी स्वच्छ व्हावं! आंतरराष्ट्रीय सहकार्याचं इतकं सरळ उदाहरण शाळेच्या पुस्तकात असायला हवं.

शेतांचं काय? फिनलंडमध्ये शेतकरी जमिनीवर जिप्सम पसरतात. त्याने मातीचे कण धरून राहतात आणि पावसात फॉस्फरस वाहून जाणं कमी होतं. कपडे आणि भांडी धुण्याच्या पावडरींतला फॉस्फेटही आता युरोपीय संघात नियमांनी जवळजवळ हद्दपार झालाय.

परत आलेले रहिवासी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाल्टिकमध्ये एक लाखाच्या आसपास करडे सील असावेत, असा अंदाज आहे. मासेमारांचे शत्रू म्हणून त्यांना मारायला सरकारी बक्षिसं होती. त्यातून जे वाचले त्यांना पीसीबी या औद्योगिक रसायनाने गाठलं: माद्यांना पिल्लंच होईनात. १९७० च्या दशकात जेमतेम काही हजार सील उरले. शिकार थांबली, रसायनांवर बंदी आली. आज मोजणीत तीस हजारांहून जास्त सील दिसतात. आता मासेमार पुन्हा तक्रार करतात, कारण सील जाळी फाडून मासे पळवतात.

पांढऱ्या शेपटीच्या समुद्रगरुडाची गोष्टही तशीच. डीडीटीमुळे त्याच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटत. बंदीनंतर गरुड परतले. स्वीडनमध्ये तर त्यांना हिवाळ्यात विषमुक्त मांस खायला ठेवत.

कॉड मात्र परतलेला नाही. पूर्व बाल्टिकमधल्या कॉडची ठरवून केलेली मासेमारी युरोपीय संघाने २०१९ मध्ये थांबवली आणि ती अजून बंद आहे.

जहाजांना शिस्त

कुठल्याही क्षणी या समुद्रात दोनेक हजार जहाजं असतात. त्यांच्यासाठीचे नियम इथे बऱ्याचदा जगाच्या आधी लागू झाले. इंधनातलं गंधक कमी ठेवण्याची सक्ती पहिल्यांदा इथे आली, २००६ मध्ये. प्रवासी जहाजांनी शौचालयांचं पाणी प्रक्रियेविना समुद्रात सोडू नये, म्हणून जाहीर झालेला जगातला पहिला विशेष सागरी पट्टाही हाच. मग बंदरांनी ते पाणी उतरवून घेण्याची सोय केली. नियम करणारे आणि नळी जोडणारे दोघे एकाच टेबलावर होते, म्हणून हे जमलं.

तेलगळती शोधायला शेजारी देशांची विमानं घिरट्या घालतात. १९८९ मध्ये ७६३ गळत्या सापडल्या होत्या. आता वर्षाला शंभरही सापडत नाहीत. दर वर्षी बरेच देश आपापली जहाजं घेऊन तेल गोळा करण्याचा एकत्र सराव करतात.

आणि हिवाळा! बोथ्नियाच्या आखाताचा उत्तर भाग दर वर्षी गोठतो. तिथे फिनलंड आणि स्वीडनची बर्फ फोडणारी जहाजं एका ताफ्यासारखी काम करतात. अडकलेल्या जहाजाच्या मदतीला जवळ असेल ते जातं, झेंडा कुणाचाही असो.

तळाशी काय काय आहे

सुमारे ४०,००० टन रासायनिक शस्त्रास्त्रं. युद्ध संपल्यावर जर्मनीची ही दारू आणि विष कुठे टाकायचं, या प्रश्नाला विजेत्यांनी सोपं उत्तर शोधलं: समुद्रात. बरंचसं डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटाजवळ आणि स्वीडनच्या गोटलंडजवळ आहे. मस्टर्ड वायूचे घट्ट गोळे आजही कधीमधी जाळ्यात येतात आणि मासेमारांना भाजतात. जर्मनीने २०२४ मध्ये ल्युबेकच्या उपसागरातून बॉम्ब आणि तोफगोळे काढण्याची चाचणी सुरू केली. ही साधी दारूगोळ्याची शस्त्रं आहेत. रासायनिक शस्त्रांना हात घालणं अजून पुढेच आहे. शस्त्रांचे पत्रे गंजत चालले आहेत, आणि हे काम यादीत फार वर यायला हवं.

त्याच तळावरून वीज, वायू आणि इंटरनेट जातं. सप्टेंबर २०२२ मध्ये नॉर्ड स्ट्रीम वायुवाहिन्या स्फोटांनी फुटल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये फिनलंड आणि एस्टोनियामधली वायुवाहिनी एका जहाजाच्या नांगराने फाडली. २०२४ च्या नाताळात त्याच दोन देशांमधली वीजकेबल तुटली. फिनलंडने संशयित टँकर ताब्यात घेतला. पुढच्या वर्षी हेलसिंकीच्या न्यायालयाने खटला फेटाळला, कारण घटना देशाच्या सागरी हद्दीबाहेर घडली होती आणि अधिकारक्षेत्रच पोचत नव्हतं. केबल माझी, समुद्र सगळ्यांचा, कायदा कुणाचा? हा प्रश्न एकट्या देशाला सुटणारा नाही.

एक खुर्ची रिकामी

१९९२ मध्ये जर्मनीचे परराष्ट्रमंत्री हान्स-डीट्रिश गेन्शर आणि डेन्मार्कचे उफे एलेमान-येन्सन यांच्या पुढाकाराने बाल्टिक देशांची परिषद स्थापन झाली. किनाऱ्यावर नसलेले नॉर्वे आणि आइसलंडही तिच्यात आहेत. अणुसुरक्षा, मानवी तस्करी, मुलांचं संरक्षण, तरुणांची ये-जा असे विषय तिच्याकडे. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर २०२२ मध्ये रशियाला निलंबित केलं गेलं आणि काही आठवड्यांत तो स्वतःच बाहेर पडला. हेलकॉमचा करार मात्र रशियाने सोडलेला नाही. नेहमीच्या बैठका विस्कळीत झाल्या, पण सही कायम आहे. ती सही जपली जावी असं मला मनापासून वाटतं, कारण नेवा नदी युद्ध संपेपर्यंत थांबत नाही. बाल्टिक २०२१ पर्यंत निरोगी करण्याचा संकल्प हेलकॉमने २००७ मध्ये केला होता. तो पुरा झाला नाही. ल्युबेकमध्ये २०२१ मध्ये नवी मुदत ठरली: २०३०.

बेटांच्या दोन गोष्टी

ऑलंड हा फिनलंडचा द्वीपसमूह, पण तिथली भाषा स्वीडिश आहे. क्रिमियन युद्धानंतर १८५६ मध्ये तिथे किल्ले आणि सैन्य ठेवायला बंदी झाली. फिनलंड नाटोत गेलं तरी ती टिकून आहे आणि तिच्यावर नजर ठेवायला रशियाचा वाणिज्य दूतावास त्या बेटांवर आहे.

त्याच्या उत्तरेला क्वार्केनमध्ये तर जमीनच वर येतेय! हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याखाली दबलेला भूभाग अजून उसळतोय, वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर. त्यामुळे फिनलंड दर वर्षी सुमारे सात चौरस किलोमीटरने मोठा होतो. स्वीडन आणि फिनलंड या दोघांनी मिळून ही जागा जागतिक वारसा म्हणून नोंदवली आहे. उसळी याच वेगाने चालू राहिली तर दोनेक हजार वर्षांत दोन्ही देश इथे जमिनीने जोडले जातील, बोथ्नियाच्या आखाताचा उत्तर भाग सरोवर होईल, आणि त्या पाण्याच्या काठावर नऊ नव्हे, दोनच शेजारी उरतील.