एमपीथ्री काय गाळतं?

सीडीवरच्या गाण्यात प्रत्येक सेकंदाचे 44,100 नमुने असतात. एकेक नमुना 16 बिटांचा, आणि डावी व उजवी अशा दोन वाहिन्या. म्हणजे सेकंदाला 14,11,200 बिट. या हिशोबानं तासाभराच्या ख्यालाला 600 एमबीहून जास्त जागा लागते. सेकंदाला 128 किलोबिटच्या एमपीथ्रीत मात्र तोच ख्याल 60 एमबीच्या आत मावतो. माहितीचे अकरातले दहा भाग गेले, तरी ऐकताना अनेकांना फरक जाणवत नाही. असं का होतं, ते समजून घ्यायचं तर आपला कान कसा ऐकतो ते पाहावं लागतं.

मोठा आवाज त्याच्या जवळच्या वारंवारितेचे बारीक आवाज झाकून टाकतो. मोठा आवाज थांबल्यावरही काही क्षण कान बधिर असतो. एमपीथ्री बनवणारी प्रणाली ध्वनीचे वारंवारितेनुसार पट्टे पाडते आणि कुठल्या पट्ट्यात काय झाकलं जाईल याचा अंदाज बांधते. झाकलं जाणारं ती टाकून देते किंवा ढोबळपणे नोंदवते. ढोबळ नोंदीमुळे खरखर येते, पण तीही मोठ्या आवाजाआड लपते.

हा अंदाज चुकतो तेव्हा काय होतं, ते जर्मनीतल्या एरलांगेन इथं एमपीथ्रीवर काम करणारे संशोधक कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस अनुभवलं. गायिका सुझान व्हेगा यांचं ‘टॉम्स डायनर’ हे वाद्यांविना गायलेलं गाणं त्यांच्या प्रणालीतून अगदी विद्रूप होऊन बाहेर पडलं. एकट्या गळ्यामागे खरखर लपायला जागाच नव्हती. तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकून त्यांनी प्रणाली सुधारली.

आपल्या संगीतातही अशा अवघड जागा आहेत. तबल्यावरचा ‘ना’ घ्या. एमपीथ्री ध्वनी सुमारे 13 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत हाताळतं. थाप तुकड्याच्या शेवटी पडली, तर खरखर मात्र तुकडाभर पसरते आणि थापेआधीच्या शांततेत ऐकू येते. ते टाळायला प्रणाली तिथं तुकड्याचे आणखी तीन भाग करते. बिट अपुरे असले की तरीही ‘ना’ची धार बोथट होते. तानपुऱ्याची जवारी म्हणजे तर स्वरांशांची, मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या सूक्ष्म स्वरांची, दाट गर्दी. कमी बिटरेटला, म्हणजे सेकंदाला कमी बिट असले की, वरचे स्वरांश एका तुकड्यात गळतात, पुढच्यात परततात, आणि अखंड गुंजारवाऐवजी पाणचट लुकलुक ऐकू येते.

256 किंवा 320 किलोबिटला हे दोष बहुतेकांना ओळखू येत नाहीत. रोजच्या ऐकण्याला तेवढं पुरेसं आहे. जतन करायचं असेल तेव्हा मात्र नाही. गाळलेलं परत मिळत नाही, आणि एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री केलं की दर खेपेला आणखी काही गळतं. फ्लॅक या प्रकारात फाइल मूळच्या साधारण निम्म्यावर येते आणि एकही बिट हरवत नाही.

महाराष्ट्रात कितीतरी घरांत जुन्या खासगी मैफिलींच्या कॅसेट पडून आहेत. त्या संगणकावर घेताना पहिली प्रत वेव्ह या काहीही न गाळणाऱ्या प्रकारात किंवा फ्लॅकमध्येच करावी. मोबाइलसाठी एमपीथ्री त्यावरून कधीही काढता येईल. काय ऐकू येणार नाही, हे एमपीथ्री आज आपल्या वतीनं ठरवतं. उद्याचा अभ्यासक त्या ध्वनिमुद्रणात काय शोधेल, ते एमपीथ्रीला ठाऊक नसतं.